अकरा महिने

हे २०११ सालचं. भाताची खाचरं बुजवून खोल्या बांधायचे ते दिवस होते. आमच्याही मारुंजीतल्या घरामागे आठ खोल्यांची ओळ उभी राहिली होती. हिंजवडीत कामाला आलेली, कुठल्या कुठल्या जिल्ह्यांतली पोरं-पोरी तिथे राहायची. त्याच साली आमची सायली कॉलेजला गेली.

सायली मला उशिरा झाली, अडतिसाव्या वर्षी. थोरल्या जयसिंगमध्ये आणि तिच्यात चौदा वर्षांचं अंतर. ती वाढली ती गोठ्यातच. म्हैस व्यायला टेकली की शाळा बुडवून तिथे बसायची आणि रेडकाचं तोंड स्वतःच्या फ्रॉकनं पुसायची. बारावीनंतर गुरांची डॉक्टर व्हायचं म्हणाली तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. नंबर लागला तो लांब, विदर्भात. ह्यांनी डेअरीवर, देवळात, सगळीकडे सांगून टाकलं. लोक चेष्टा करायचे, कुशाबा, आता म्हैस आजारी पडली तर नागपूरच्या गाडीत बसवायची का? हे हसून म्हणायचे, पाच वर्षं दम धरा.

आम्ही दोघं तिला सोडायला गेलो. वसतिगृहाच्या फाटकाशी गादी, बादली, पत्र्याची पेटी उतरवली. हा देखावा मी चार वर्षं बघत आले होते, पण फाटकाच्या आतल्या बाजूनं. आमच्याकडे पोरी सोडायला आलेल्या आया माझा हात धरून म्हणायच्या, काकू, लक्ष असू द्या. मी हो हो म्हणायचे आणि नळाला पाणी कधी येतं ते सांगायचे. त्या दिवशी मी तिथल्या बाईंचा हात धरला आणि त्यांनी मला नळाची वेळ सांगितली.

सायलीची खोली पडवीच्या टोकाला होती. तिच्या दहावीला ह्यांनी ती काढून दिली होती. दार बाहेरून, खिडकी गोठ्याकडे. ती गेल्यावर हे गोठ्यात शिरले की आधी त्या खिडकीकडे बघायचे आणि हातातलं काम विसरून तसेच उभे राहायचे. धार काढायला मला जावं लागायचं. माझं तरी काय वेगळं होतं? दिवसातून चारदा त्या खोलीत जाऊन झाडलेली जमीन पुन्हा झाडायची.

आठव्या दिवशी दयानंद नावाचे एक गृहस्थ लातूरहून मुलीला घेऊन आले. किमया तिचं नाव. हिंजवडीत नवी नोकरी लागलेली. आमच्या आठही खोल्या भरलेल्या. मी नाही म्हणाले, तर ते पायरीवर बसले आणि रडायलाच लागले. तीन दिवस पोरीला घेऊन दारोदार फिरत होते. मी म्हणाले, पडवीतली खोली आहे, बघा.

असं का केलं, ते मी कुणाला कधी सांगितलं नाही. माझ्या मनात आलं, ह्यांच्या पोरीला मी सांभाळलं तर तिकडे माझ्या पोरीला कुणीतरी सांभाळेल. देवाशी केलेला सौदाच होता तो. सायलीला विचारावं हे मात्र सुचलं नाही. ह्यांनी अकरा महिन्यांच्या कागदावर सही केली, त्यानंतर मी तिला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बरं. माझं सामान?" माळ्यावर ठेवलंय, मी म्हणाले. ती पुन्हा बरं म्हणाली.

आमच्याकडे दोन नेम होते. कागद संपायच्या आत कुणाला उठवायचं नाही. आणि भाडेकरूनं कुलूप लावलं की आपण त्याला हात लावायचा नाही. दुसरी चावी देव्हाऱ्याखालच्या डब्यात असायची, पण ती आगीपाण्याला. ह्या नेमांवरच पोरींचे बाप आमच्याकडे डोळे झाकून पोरी ठेवत.

किमयाला मी संध्याकाळी गरम भाकरी द्यायचे. बाकी कुणाला दिली नव्हती. प्रत्येक भाकरीला वाटायचं, ही तिकडे सायलीच्या ताटात पडली. रविवारी तिचा फोन यायचा. जेवलीस का? जेवले. अभ्यास? चाललाय.

दिवाळीला ती आली तेव्हा मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. मेसचं जेवण, म्हणाली. घर भरलेलं होतं. जयसिंगची बायको, पोरं, सासरचे पाहुणे. सायली मधल्या खोलीत पोरांच्या रांगेत झोपायची. किमया लातूरला गेली होती आणि पडवीतल्या दाराला तिचं कुलूप होतं.

पाडव्याच्या दुपारी मी अंगणात लाह्या निवडत होते. हे म्हशींच्या शिंगांना गेरू लावत होते. सायली माझ्याजवळ येऊन बसली.

"आई, खोली उघडून दे की. तासभर निजते, दार लावून."

"तिचं कुलूप हाय. तिच्या माघारी कसं उघडायचं?"

"चावी हाय की डब्यात."

"हाय. म्हणून काय झालं?"

"कशाला हात न्हाई लावणार. खाली जमिनीवर पडते."

मी ह्यांच्याकडे बघितलं. शिंगावरून नजर न काढता हे म्हणाले, "भाडेकरूच्या कुलपाला आपण हात लावत न्हाई, सायले. तुला ठाऊक हाय."

तिनं सुपातल्या चार लाह्या निवडल्या. मग म्हणाली, "रिकामी कवा व्हनार?"

"जूनअखेर. अकरा महिन्यांचा कागद हाय."

"मग माझा बी करा की कागद."

आम्ही दोघं हसलो. तीही हसली. मग उठून गोठ्यात गेली आणि त्या खिडकीखाली भिंतीला पाठ लावून कडब्यावर बसली. थोड्या वेळानं मी डोकावले तर डोळे मिटलेले होते. मला वाटलं, लागली झोप. मी वाकून बघितलंही नाही.

भाऊबीज करून ती गेली. जानेवारीत वसतिगृहातून फोन आला, सायली चार दिवस खोलीवर आलेली नाही. हे आणि जयसिंग मिळेल त्या गाडीनं निघाले. तिथे कळलं की दसऱ्यानंतर ती वर्गातच गेली नव्हती. पहिल्या वर्षाला औषधात बुडवून ठेवलेली मेलेली जनावरं कापून शिकवतात. पहिल्या दिवशी समोर रेडकू होतं. तेव्हापासून तिच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. तिच्या मैत्रिणीनं ह्यांना सांगितलं, "ती म्हणायची, दिवाळीला घरी जाते, दार लावून एकदा पोटभर रडते, आणि मग उठून आबांना सांगते की मला हे जमत नाही."

परत आल्यावर ह्यांनी मला हे सांगितलं, तेव्हा हे पडवीतल्या त्या दाराला टेकून उभे होते. दाराला कुलूप होतं. किमया कामावर गेली होती.

पोलिसांत तक्रार केली, नातेवाईक पालथे घातले. फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका परक्या नंबरावरून फोन आला. मी बरी आहे, काम करते, शोधू नका, इतकंच ती मला म्हणाली. ह्यांनी फोन माझ्या हातातून ओढून घेतला.

"सायले, खोली रिकामी करतो. आजच करतो. ये तू."

फोन मोठ्यानं ऐकू यायचा, म्हणून तिचं बोलणं मलाही ऐकू आलं.

"नको, आबा. तिचे अजून पाच महिने हायेत."

ती रागानं बोलली नव्हती. आमच्याच घरात शिकलेला नेम तिनं आम्हाला सांगितला.

किमयाला सगळं समजलं तसं तिनं आठवड्यात खोली सोडली. कागद संपायच्या आत गेलेली आमची ती पहिली भाडेकरू. तिचे वडील हात जोडून माफी मागत होते आणि आम्ही दोघं मान खाली घालून उभे होतो. ती आता बंगळुरूला असते, तिला जुळी पोरं आहेत. दर दिवाळीला न चुकता फोन करते. तिचा आवाज ऐकला की मला आधी ते कुलूप आठवतं. पण तिचा काय दोष?

ह्यांनी ती खोली पुन्हा कुणाला दिली नाही आणि तिला कुलूपही लावलं नाही. २०१८ साली एका सकाळी धार काढायला गेले ते गोठ्यातच पडले. सायली दहाव्याला आली. नाशिककडे एका रोपवाटिकेत काम करते, तिथल्याच एका मुलाशी लग्न केलंय. मी म्हणाले, आजची रात्र राहा, खोली उघडीच हाय. ती म्हणाली, शेवटची गाडी चुकेल. तिची मुलगी मी फोनवर बघितली आहे.

जयसिंगनं म्हशी विकल्या आणि घर पाडून पाच मजली इमारत बांधली. पडवीच्या टोकाला आता लिफ्ट आहे. मी दुसऱ्या मजल्यावर राहते.

मागच्या निवडणुकीला एक बाई मतदानाच्या चिठ्ठ्या वाटत आली. जयसिंगची दिली, सुनेची दिली, माझी दिली. मग यादीवर बोट ठेवून म्हणाली, "सायली कुशाबा. इथंच राहतात ना?"

मी हो म्हणाले, आणि ती चिठ्ठी नेऊन चावीच्या डब्यात ठेवली.