रिकामं आहे म्हणे

मार्लिस टवाइट शाळेची बस चालवायची. शेवटचं पोर उतरलं, की बस आवारात लावून ती मागच्या सीटपर्यंत चालत जायची आणि वाकून प्रत्येक सीटखाली बघायची. एखादं पेंगुळलेलं पोर आत राहिलं आणि विस्कॉन्सिनच्या थंडीत बसला कुलूप लागलं, तर काय होईल हे तिला कुणी सांगायला नको होतं.

गावच्या नेमबाजी क्लबात मुलांना हत्यार जपून हाताळायला शिकवणारे हार्लन आता थकले होते. लेकीकडे फ्लोरिडाला निघाले होते. बर्फ वितळेपर्यंत नवं माणूस मिळालं नाही, तर मुलांचा वर्ग बंद होणार होता. मार्लिस तयार झाली. नेमबाजी तिला वडिलांनी शिकवली होती, पण शिकवायचं तर प्रमाणपत्र हवं, आणि त्यासाठी आधी पिस्तुलाचा अभ्यासक्रम. जवळपास तो शिकवणारे दोघंच होते आणि तिला दोघांचाही संशय येत होता.

"लेलँड बुझेक मुद्दाम नापास करतो," तिची भावजय जनीन म्हणाली. "पुन्हा फी भरायला लावतो. पार्लरमध्ये सगळ्या हेच सांगतात."

"आणि कर्ट डालग्रेन?"

"तो गोड माणूस आहे."

"तेच खटकतंय. त्याच्याकडे कुणी नापासच होत नाही."

"तुला नापास करणारा चालत नाही, पास करणाराही चालत नाही. नवरा निवडतानाही असाच घोळ घातलास."

"म्हणून तर टिकलाय."

शनिवारी सकाळी ती कर्टचा वर्ग बघायला गेली. पूर्वी तिथं फर्निचरचं दुकान होतं. दारातच कॉफी आणि डोनट. नाव विचारायच्या आधी कर्टनं बशी हातात दिली, तेही तिला खटकलं. भिंतीवर त्याचे हसरे फोटो होते. शिकवतानाचा मात्र एकही नव्हता.

मग कर्टनं तिच्या हातात पिस्तूल दिलं. "रिकामं आहे. आत्ताच बघितलंय मी."

मार्लिसनं नळी भिंतीकडे ठेवून गोळ्यांचं मॅगझिन काढलं, वरची स्लाइड मागे ओढली, आत डोकावली आणि करंगळी घालूनही पाहिलं. वडिलांनी तसंच शिकवलं होतं. पिस्तूल खरोखरच रिकामं होतं.

"बघा, मंडळी," कर्ट वर्गाकडे वळून म्हणाला, "या बाईंचा आपल्यावर भरवसा नाही. घरी नवऱ्याचे खिसे कसे तपासत असतील?"

सगळे हसले. मार्लिसही हसली, पण तिचे कान तापले. घरी येताना गाडीत तिच्या मनात तेच घोळत होतं. इतक्या लोकांना जे साधं वाटलं, ते आपल्यालाच का खुपावं? तो वाईट माणूस आहे, की आपणच आगाऊपणा केला?

दुसऱ्या दिवशी ती लेलँडकडे गेली. त्याचा वर्ग घरच्याच गॅरेजच्या मागे भरायचा. पाटी नव्हती, पडदे ओढलेले होते. त्यानं कॉफी विचारली नाही की ये-बस म्हटलं नाही. असं काय लपवायचं असतं माणसाला?

"कुणाला शिकवायचंय?" त्यानं विचारलं.

"क्लबातल्या मुलांना."

त्यानं मेजावरचं पिस्तूल उचलून दिलं. "रिकामं आहे. धरून दाखवा."

तिचा हात मॅगझिनकडे गेला आणि तेवढ्यात तिला कालचं हसू ऐकू आलं. परक्या माणसाच्या घरी, त्याच्या तोंडावर त्याला खोटं ठरवायचं? इकडे तर कुणी यजमानाला कॉफी पाणचट आहे असंही सांगत नाही. वाळूनं भरलेल्या पेटीकडे तोंड करून तिनं पिस्तूल नीट धरलं.

"पकड चांगली आहे," लेलँड म्हणाला. "आता उघडा."

तिनं स्लाइड ओढली, तशी आतून नारिंगी प्लॅस्टिकची खोटी गोळी टपकन मेजावर पडली.

"तुम्ही खोटं बोललात," मार्लिस म्हणाली.

"हो. सगळ्यांशीच बोलतो. निम्मे चिडून जातात आणि गावभर सांगतात, की मी हे फीसाठी करतो."

"नाही कशावरून?"

त्यानं गोळी खिशात टाकली आणि पिस्तूल परत घेतलं. "तुमचा हात निघाला होता. मग थांबला. कुणी थांबवला?"

"बघितलं म्हणून एकजण हसला होता."

"काम काय करता?"

"शाळेची बस चालवते."

"सगळी पोरं उतरल्यावर?"

"मागपर्यंत जाऊन बघते."

"स्वतःच्या डोळ्यांदेखत उतरलेली असली तरी?"

"तरी."

"आणि शेवटचं पोर म्हणालं, आत कुणी नाही, तर?"

"तरी बघते," मार्लिस म्हणाली. उद्या तिच्या वर्गातलं एखादं पोर असंच पिस्तुलात डोकावेल आणि बाकीची हसतील. तेव्हा त्या पोराची बाजू कुणी घ्यायची, हे तिच्या डोळ्यांसमोर आलं.

लेलँडनं पिस्तूल बंद करून पुन्हा पुढे केलं. "रिकामं आहे."

तिनं मॅगझिन काढलं, स्लाइड ओढली, पाहिलं, करंगळी घातली. रिकामं होतं. उघडंच त्याला परत दिलं. हातभर अंतरावरून तो सगळं बघत होता, तरी त्यानंही आत डोकावून पाहिलं. मार्लिसला त्याचा जराही राग आला नाही.

"नाव लिहून घेऊ?" त्यानं विचारलं.

"थांबा. आधी तुमचं प्रमाणपत्र दाखवा. त्याची मुदत संपली नाही ना, ते बघायचंय."

लेलँड ते आणायला आत गेला. पाठमोऱ्या खांद्यांवरून तो हसत असावा असं तिला वाटलं. पण तेही तिनं लगेच खरं मानलं नाही.