ताठ चाला जरा

माझ्या तोंडाला तेव्हाच कुलूप लागायला हवं होतं, विमा कंपनीचा माणूस अंगणात उभा होता तेव्हा.

आमचे हे, महिपत, बावीस वर्षं चिरेखाणीवर दगडांचे ट्रक भरायचे. दोन वर्षांमागे चिऱ्यासकट फळीवरून घसरले आणि कंबरेवर आपटले. तेव्हापासून पन्नास पावलं चालले की पाय बधिर. एसटीच्या थांब्यापर्यंत जायचं तर चार ठिकाणी रस्त्याकडच्या दगडी गडग्यावर टेकणार. एमआरआय काढला. डॉक्टर म्हणाले, मणक्यातली नळी अरुंद झालेय, नसा चेपतात. मग खाणमालकावर भरपाईचा दावा लावला.

पण खरं सांगू? माझाच विश्वास नव्हता. हाच माणूस भात लावायला चिखलात उतरला की सकाळपासून वाकलेला, हूं की चूं नाही! आणि गणपतीत आरतीला उभं राहायचं तर अर्ध्यातच मटकन खाली, तेही पाहुण्यांसमोर. मी तिथल्या तिथे ओरडले, "चिखलात दुखत नाही, देवापुढेच कशी दुखते वो तुमची कंबर?" रोज त्यांच्या पाठीत बोट खुपसून मी म्हणायची, ताठ चाला जरा, म्हाताऱ्यासारखे काय वाकता.

तर खाणमालकाच्या विमा कंपनीचा तो माणूस आला ऐन भात लावायच्या दिवसांत. "दादा कुठे आहेत?" म्हणाला. आमच्याकडे त्या दिवसांत बाई चिखलात आणि घो घरात असला तर अख्खी वाडी नावं ठेवते. मी पदर खोचला. "कुठे म्हणजे? मळ्यात! बसून खाणारा माणूस नाय आमचा." त्याला बांधापर्यंत मीच घेऊन गेले. वाटलं, माणूस कष्टाळू दिसला तर भरपाई लवकर देतील. वर चहा पण पाजला मेल्याला.

परवा रत्नागिरीला कोर्टात तारीख होती. कंपनीच्या वकिलाने मोबाइल जज्जसाहेबांपुढे धरला. व्हिडिओत आमचे हे वाकून भराभर रोपं लावतायत, आणि मागून माझा आवाज, "सकाळपासून वाकलेत, बघा!"

यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"कंबर गेलेला माणूस हे करेल?" वकील म्हणाला.

आमचे डॉक्टर साक्षीला आले होते. त्यांनी व्हिडिओ दोनदा पाहिला. "साहेब, हे या आजारात असंच होतं. वाकलं की नळी थोडी उघडते, नसा सुटतात. ताठ झालं की पुन्हा चेपतात. यांना फक्त ताठ उभं करून बघा."

साहेबांनी उभं केलं. पहिली दोन मिनिटं काही नाही. मग कपाळावर घाम आला, गुडघे लटलटायला लागले, तरी दात-ओठ खाऊन उभेच. अगो बाय माझे! आरतीला हेच तोंड होतं. हेच! मी ते पाहिलं होतं आणि वर चार माणसांत पाणउतारा केला होता.

"बसवा हो त्यांना!" मी किंचाळले.

साहेबांनी विचारलं, "बाई, तुम्ही रोज बघता. तुम्हाला कळलं नाही?"

"मला वाटलं, नाटक करतात," मी म्हटलं. साहेबांनी डॉक्टरांचं म्हणणं शब्दन्‌शब्द लिहून घेतलं, आणि वकिलाने मोबाइल खिशात घातला. निकाल पुढल्या तारखेला आहे. डॉक्टर म्हणाले, आता भरपाई अडायची नाही.

बाहेर आल्यावर मी यांच्यावरच डाफरले. दुसरं काय करणार? "वाकलं की बरं वाटतं, हे सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलेलं. दोनदा."

आम्ही स्टँडकडे निघालो. रस्त्यावर माणसं होती, मी शेजारी होते, आणि हे आपसूक ताठ झाले. ताठच चालत होते, ओठ घट्ट मिटून.

मी त्यांचा हात धरून माझ्या खांद्यावर ठेवला.

"वाका," मी म्हटलं. "कोणी बघितलं तरी वाका."