बसच्या पायऱ्यांनी मोजलेलं पाणी

एकतीस वर्षं मी लुइझियानातल्या आमच्या गावात शाळेची पिवळी बस चालवली. कुठल्या रस्त्यावर किती पाणी चढतं हे मी बसच्या पायऱ्यांवर मोजायचो. पहिली पायरी बुडाली की पोरं बूट हातात घेऊन चढत. दुसरी बुडाली की मी मुकाट्याने बस मागे फिरवायचो. निवृत्त झाल्यावर हे सगळं एका मोठ्या कागदावर उतरवलं: रस्ता, वर्ष, पायऱ्या. माझी विधवा भावजय युलाली बायूच्या काठाला राहते, आणि त्या संथ, गढूळ ओढ्याच्या पाण्याने तिच्या दारात दोनदा दुसरी पायरी गाठली होती.

मग विम्यासाठीचा नवा सरकारी पूरनकाशा आला. त्यातली पुराच्या हद्दीची लाल रेषा युलालीचं घर सोडून गेली.

"बघ, मी कोरडी झाले," ती म्हणाली. "आता विमा कशाला? त्या पैशात दात बसवते."

"युलाली, बायूला नकाशा वाचता येत नाही."

"आणि तू इंजिनियर कधी झालास रे ओविद? ब्रेक दाबता दाबता?"

माझा पारा चढला. कागद गुंडाळला आणि हरकत नोंदवायला तडक कचेरीत गेलो. टेबलापलीकडची मुलगी फार नम्र होती. त्यापेक्षा ती खेकसली असती तर परवडलं असतं.

"समुद्रसपाटीपासून किती फूट, सर?"

"दोन पायऱ्या."

"कुठल्या बसच्या?"

एवढ्या वर्षांत मी तीन बस चालवल्या, तिन्हींच्या पायऱ्या वेगवेगळ्या उंचीच्या, आणि दोन बस कधीच भंगारात गेलेल्या. इतकी साधी गोष्ट माझ्या टाळक्यात कधी शिरली नव्हती. हरकत फेटाळली गेली. युलालीने विमा बंद केला. मी भांडलो, हातापाया पडलो, पण ती ऐकेना.

दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये तीन दिवस पाऊस धो धो कोसळला. मी होडी घेऊन पोचलो तेव्हा युलाली स्वयंपाकघराच्या ओट्यावर पाय वर घेऊन बसली होती. मी तिला हात धरून होडीत घेतलं.

पाणी ओसरल्यावर कचेरीने जाहीर केलं की बुडालेली घरं सरकार विकत घेणार, म्हणजे लोकांना उंचावर जाता येईल. आम्ही दोघं गेलो. कारकुनाने पत्ता शोधला.

"फक्त लाल रेषेच्या आतली घरं घेतोय, मॅडम. तुमचं बाहेर आहे."

"माझ्या गाद्या अजून अंगणात वाळतायत," युलाली म्हणाली.

"नकाशात तसं दिसत नाही."

"नवा नकाशा कधी काढणार?" मी विचारलं.

"आठ-दहा वर्षांनी."

युलाली अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. गाडीत बसल्यावर तिने पट्टा लावला.

"माझ्याकडे चल राहायला," मी म्हटलं.

"तुझ्या एका खोलीत? नको. घरी सोड मला."

आणि मी तिला त्याच घरी नेऊन सोडलं.