उसवलेला अभ्रा

आलो होतो पंधरा दिवसांसाठी. नणंदेनं परदेशात नवं घर घेतलं, ते बघायचं, चार ठिकाणी फिरायचं आणि आपल्या घरी परत. पण सासूबाईंचा पाय ओल्या फरशीवरून सरकला, घोट्याला प्लास्टर बसलं आणि आम्ही सगळेच अडकलो. आता प्लास्टर निघूनही बरेच दिवस झालेत. सासूबाई काठी टेकत घरभर हिंडतात. परतीचं नाव काढलं, की मात्र घोटा ठणकायला लागतो.

नवऱ्याला मी मनातल्या मनात बघूराव म्हणते. तिकिटाचं काय झालं विचारलं, की उत्तर ठरलेलं. "बघू या." त्यांना काय होतंय म्हणायला! त्यांचं ऑफिस लॅपटॉपात मावतं. माझं शिवणाचं दुकान कशात मावणार? तसं ते केवढंसं, एक मशीन, कापायचं टेबल आणि एक स्टूल. पण तिथं मला कुणी सूनबाई म्हणत नाही. दुपारी शटर अर्धं ओढून मी एकटी चहा पिते. लग्न झाल्यापासून कुणालाही न विचारता केलेली ही माझी एकच गोष्ट आहे.

इथे आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपतो. जावईबापू चहाला बाहेर यायच्या आत सोफा घडी करून, केस बांधून, हसऱ्या तोंडानं तयार राहायचं. खिडकी उघडत नाही. काचेला नाक लावून समोरची भिंत बघायची, एवढीच काय ती करमणूक. रिकामे हात मला चावतात, म्हणून आधी पडद्यांना हातानं हेम घातली. मग जावईबापूंच्या पँटी आखूड केल्या. तर नणंद म्हणते कशी, "वहिनी, किती छान रमलात हो तुम्ही!"

रमले? कोंडलेल्या मांजरानं सोफा ओरबाडला, म्हणजे ते रमलं का?

त्यानंतर घरातलं रोज काहीतरी उसवायला लागलं. आज उशीचा अभ्रा, उद्या नणंदेच्या गाऊनचा खिसा, परवा बघूरावांच्या शर्टाची कूस. मी शिवत राहिले. इथल्या कपड्यात दम नाही, असं म्हणून मोकळी झाले.

आणि आज सकाळी आमच्या दुकानाशेजारच्या इस्त्रीवाल्याचा फोन आला. "ताई, गाळेवाला येऊन गेला. सोमवारी दुकान उघडलं नाही, तर गाळा मोबाइलवाल्याला देणार म्हणतो. खोटं नाही सांगत, तो माप घेऊन गेलाय."

बघूरावांना सांगितलं, तर ते कानाला हेडफोन लावता लावता म्हणाले, "हो का? बघू या." आणि मीटिंगसाठी आतल्या खोलीत गेले. नणंद आणि जावईबापू कामावर गेलेले. रडू येत होतं, म्हणून हाताला लागला तो अभ्रा घेऊन बसले. कालच शिवलेला, आज पुन्हा उसवलेला.

माझी शिवण एका रात्रीत उसवते म्हणजे काय? उजेडात धरून पाहिलं. झिजून तुटलेल्या दोऱ्याचं टोक पिंजतं. ही टोकं चांगली सरळ होती. एकाआड एक टाका कापायचा आणि मग दोरा अलगद ओढायचा. कापडाला ओरखडासुद्धा नाही. माझ्या हातालाही इतकं निगुतीनं जमत नाही.

घरात उरलं कोण? मी तडक सासूबाईंच्या पलंगाशी गेले आणि उशी उचलली. खाली नखं कापायची कात्री.

"आई, हे तुम्ही केलंत?"

"मी कशाला करू बाई?"

"आता या वयात खोटं बोलणार?" माझा आवाज चढला. बघूरावांनी दारातून डोकं काढलं. "काय झालं?"

"बघू या काय झालं ते!" मी म्हटलं. डोकं आत गेलं, दार लागलं.

सासूबाईंनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "तू रिकामी बसलीस, की तुला दुकान आठवतं. मग तू तिकिटाचं काढतेस. तू निघालीस, की तो निघणार. मग मला कोण ठेवून घेतंय?"

"आणि मला डांबून तुम्हाला काय मिळालं हो?"

"तू समोर असतेस," त्या म्हणाल्या. "तिकडे सकाळी जातेस ती दिवेलागणीला उगवतेस. दिवसभर मी आणि घड्याळ. त्या घड्याळाशी तरी किती बोलू?"

भांडायची सगळी तयारी वाया गेली. मी सोमवारचं सांगितलं. म्हटलं, "आई, दुकान गेलं तर मी वेडी होईन. तुमची शपथ."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "आजच तिकिटं काढायला सांगते त्याला. माझ्यापुढे त्याचं बघू या चालत नाही. पण एक विचारू? तुझ्या दुकानात मला बसायला जागा होईल? बायका ब्लाऊज सैल करायला आणतात ना, ते उसवून देत जाईन. मध्ये एक शब्द बोलणार नाही."

मला माझा चहा दिसला. अर्ध्या शटरच्या आत.

"उकडतं हो तिथे."

"चालेल."

"पंखा एकच आहे. तोही मशीनकडे."

"चालेल गं."

तिकडे गाळेवाला माप घेऊन गेलेला. स्टूल काढलं, तर खुर्ची बसली असती.

"होईल जागा," मी म्हटलं.

सासूबाई ताडकन उठल्या. काठी पलंगालाच टेकून राहिली. चालत जाऊन त्यांनी लेकीला फोन लावला आणि मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, "अगं, आम्हाला निघायला हवं. सूनबाईचं दुकानात माझ्यावाचून अडतंय. एकटीला करमत नाही म्हणे तिथे!"