पडद्यावरचे आरसे

पडद्यावर चोवीस गोल खुणा होत्या, बावीस कवड्या होत्या आणि आरसा एकही नव्हता. आरसे बिस्किटांच्या डब्याच्या झाकणात पडले होते, कडांना तुटका लाल दोरा तसाच. रामीबाईने ते बोटाने सरकवत मोजले. चोवीसच.

"कोनं काढले?"

"मीच," जऊळक्याचे स्टेशनमास्तर एलोजीराव म्हणाले. "आम्हा यहुद्यांच्या शास्त्राची गुंडाळी या कपाटात असते. तिच्यापुढे माणसाने स्वतःचं तोंड पाहू नये. बाकी पडदा सुरेख आहे, बाई."

"बाकी? बकरी सोलली अन् म्हनता, बाकी सुरेख हाय!" रामीबाईची कानशिलं तापली. दोन महिने तांड्यावर बसून तिने मास्तरांच्या या कपाटासाठी हा पडदा भरला होता. आज तो टांगलेला पाहायला ती मुद्दाम चालत आली होती. "देवाले आरसा चालत नाई, हे कोनं सांगतलं तुमाले? देव आला होता का दुपारच्या गाडीनं?"

आवाज ऐकून मास्तरांची आई, हन्नाबाई, बाहेर आली. झाकणाकडे पाहताच तीही भडकली.

"एलोजी, शास्त्र वाचतोस की नुसतं घोकतोस? आपले पूर्वज रानात देवाचा मंडप उभारत होते, तेव्हा बायांनी आपले आरसे दिले. ते वितळवूनच घंगाळ ओतलं, याजकांना हातपाय धुवायला. सूत कातणाऱ्या बायांना शहाण्या काळजाच्या म्हटलंय. ही अक्कल देवानेच घातली, असं लिहिलंय. आणि तू सुरी चालवलीस?"

"ते आरसे काशाचे होते, आई."

"मग हे काचेचे फेकून ये, जा!"

मास्तरांनी मान खाली घातली. "चुकलं. बाई, पुन्हा बसवून द्याल? सहाला दिवे लावले की आमचा शब्बाथ, विसाव्याचा दिवस, लागतो. मग सुई धरता येत नाही."

"चुकलं म्हनून आरसा चिकटत नाई. तेवीस मी लावतो, एक तुमी लावा. नाई तर हा पडदा मी घेऊन चालली."

"मला टाका येत नाही."

"काढता तर आला!"

चार वाजून दहा मिनिटांनी दोघं ओसरीवर बसली. आरशावर आडवे-उभे दोरे ताणून कडेने गाठ कशी फिरवायची, ते रामीबाईने एकदाच दाखवलं. मास्तरांचा आरसा तीनदा निसटला. तिने मान वर केली नाही. रागाने तिची सुई सटासट चालली होती.

सहाला पाच मिनिटं असताना पडदा कपाटावर चढला. रामीबाईचे तेवीस आरसे एक तास अठरा मिनिटांत झाले होते. मास्तरांच्या एका आरशाला एक तास एकेचाळीस मिनिटं लागली.