घरात तुम्ही नकोत

४

एजंटबाईंची अट एकच होती. घर दाखवताना घरात तुम्ही दोघं नकोत.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून सात महिने तो चौथ्या मजल्यावरून खाली उतरला नव्हता. मागच्या गल्लीतलं तळमजल्याचं घर त्याच्यासाठीच पाहून ठेवलेलं, आणि त्याचे मालक रविवारपर्यंतच थांबणार होते. आज शुक्रवार.

एजंट नको, आपलं घर आपण दाखवू, हा हट्ट त्याचाच. दाखवलंही, तीन गिऱ्हाइकांना. हाडाचा गवंडी तो. चांगल्या हाताने न्हाणीघराची भिंत ठोकायचा आणि म्हणायचा, ऐका, पोकळ वाजतेय, आत ओल आहे. गिऱ्हाईक चहा अर्धा टाकून पळायचं.

“वहिनी, दादा घर विकत नाहीये,” दीर म्हणाला होता, “घराचं पोस्टमॉर्टेम करतोय.”

तेव्हा ती हसली होती.

ओल लपवणार नाही, पण आधी घर दाखवेन, मग ओल, असं एजंटबाई म्हणाल्या. पाच वाजता गिऱ्हाईक घेऊन येते. तिने किल्ली त्यांच्या हातात ठेवली. नवऱ्याला न विचारता.

साडेतीन

काठी. पाय. मग दुसरा, ओढत.

“माझ्याच घरातून मला हाकलतेस.”

“हो,” ती म्हणाली. “पायरी बघा.”

३

तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर तो बसलाच. सदरा घामाने पाठीला चिकटलेला. पाचला चार मिनिटं कमी. आता ना वर जाता येत होतं, ना खाली.

अजून ३

खालून पावलं. एजंटबाई ओळख न दाखवता पुढे गेल्या. मागचं तरुण जोडपं दम खायला थांबलं.

“काका, इथलेच का?” मुलीने विचारलं. “वरचं घर कसं आहे हो?”

त्याची मूठ वळली. ती मूठ तिच्या ओळखीची होती. गेलं, तिला वाटलं, हेही गेलं.

त्याने जिन्याची भिंत ठोकली. “ही भरीव. वर न्हाणीघरात हातभर भिंत पोकळ वाजेल. खरवडून नवा गिलावा करा. दोन दिवसांचं काम.”

दोन दिवसांचं काम. हे त्याने आजवर एकालाही सांगितलं नव्हतं.

“बाकी गिलावा माझ्या हातचा. तीस वर्षांत तडा नाही.”

“म्हणजे घर तुमचंच? मग विकताय का?”

तो खालच्या पायऱ्यांकडे बघत राहिला. डॉक्टरांना, भावाला, तिला, कुणालाच जे कबूल केलं नव्हतं, ते त्या परक्या पोरीला म्हणाला, “मला उतरता येत नाही.”

 जोडपं वर गेलं. दार उघडल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. ती कान देऊन उभी.

तेवढ्यात त्याने स्वतःच काठीकडे हात केला.

“चल. ते तळमजल्याचं घर बघू दे मला. भिंती कशा वाजतात ते.”

२