एकच डबी, तीन भाव

मी काडतुसांची डबी बोलतेय. सरकू नका मागे. माझ्या पोटात वीस काडतुसं आहेत, घरातल्या पिस्तुलात घालून ठेवायची, जिवावर बेतलं तरच वापरायची. सरावाची काडतुसं साधी असतात. पन्नासाच्या डबीत कशीही कोंबलेली. माझी काडतुसं तशी नाहीत. त्यांच्या पितळेवर चांदीसारखा मुलामा आहे. गोळीच्या नाकाशी खळगा ठेवलेला आहे, म्हणजे ती भिंत फोडून शेजाऱ्याच्या घरात जाण्याचा धोका कमी. एकेक तपासून भरलेलं. त्यामुळे आम्ही मुळातच महाग. त्याचा मला अभिमान आहे, लपवू कशाला?

कारखान्यात माझ्या बरोबरीच्या डब्या एकाच पट्ट्यावरून उतरल्या. दारूही तीच, दिवसही तोच. पण पुढे वाटा फुटल्या. काहीजणी ट्रक भरभरून महामार्गावरच्या मोठ्या दुकानात गेल्या. काही इंटरनेटवर विकणाऱ्याच्या गोदामात गेल्या. मी मात्र आधी घाऊक व्यापाऱ्याकडे आणि त्याच्याकडून केंटकीच्या डोंगरात, वर्ना टॅकेटच्या दुकानात आले. वाटेत प्रत्येक हाताने आपापला वाटा घेतला. वर्ना एका वेळी दोनच खोकी घेऊ शकायची, मग तिला कोण सूट देणार? तिने माझ्यावर अठ्ठावीस डॉलरची चिठ्ठी लावली. मोठ्या दुकानात माझ्या बहिणी तेवीसला होत्या.

त्यावरूनच नडीन स्लोनशी पहिली गाठ पडली. नडीन शाळेची बस चालवायची. तिच्या नवऱ्याने, गारलँडने, तिचा हात मोडला होता आणि तो तुरुंगात होता. ती एक पिस्तूल बाळगून होती. तिने मला हातात घेतलं, दुसऱ्या हाताने फोनवर भाव पाहिले आणि दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी असताना म्हणाली, "वर्नाबाई, चेहऱ्याला दरोडेखोरासारखं फडकं बांधून मागा ना पैसे."

वर्नाने सांगून पाहिलं. इंटरनेटवरची डबी स्वस्त दिसते, पण घरपोच आणण्याचे पैसे वर पडतात. मोठ्या दुकानाला आमच्यावर कमवायची गरजच नसते. माणूस काडतुसं घ्यायला येतो आणि बूट, तंबू घेऊन जातो. नडीनने ऐकून घेतलं आणि मला परत ठेवून निघून गेली. मला फार लागलं ते. तेवढ्यात वर्नाचा भाऊ रॉयस म्हणाला, "बाई खोटं नाही बोलली." त्यावर वर्ना त्याच्याशी दिवसभर बोलली नाही.

मग टंचाई आली. कुठे दंगलीची बातमी, कुठे नव्या कायद्याची आवई. लोक मिठासारखी काडतुसं साठवू लागले. मोठ्या दुकानाचे खण पुसल्यासारखे रिकामे झाले. इंटरनेटवर माझ्या बहिणी सत्तर डॉलरला जाऊ लागल्या. वर्नाकडे आम्ही थोड्याच उरलो होतो. तिने आमच्यावरची चिठ्ठी बदलली नाही. फक्त घरटी एकच डबी, असं दारावर लिहून लावलं.

एक दिवस परगावचा माणूस आला. त्याने उरलेल्या सगळ्या डब्या मागितल्या, प्रत्येकी साठ डॉलरने, रोख. पुढे तो आम्हांला कुठे आणि कितीला विकणार, हे आम्हांलाही कळत होतं. दुकानाचं छप्पर गळत होतं, म्हणून रॉयसचे डोळे चमकले. वर्नाने नाही म्हटलं. तो गेल्यावर भावाने आवाज चढवला. "ही विकल्यावर दुसरी आणायला पन्नास लागतील. तू काय पदरचे घालणार आहेस?"

"दुसरी येईल तेव्हा दुसरीचा भाव लावीन," वर्ना म्हणाली. "ही मला ज्या भावात पडली, त्याच हिशोबाने जाईल. छपराखाली बादली ठेव."

कारखान्यातून निघाल्यापासून मला इतकं ताठ कधी वाटलं नव्हतं.

शेवटी मी एकटी उरले. आणि नडीन आली. शिक्षा संपायच्या आधीच गारलँड सुटला होता. तिच्या घराजवळ फिरकायचं नाही असा कोर्टाचा हुकूम होता, पण तो मावशीच्या घरी राहायला आला होता, अगदी खालच्याच वळणावर. नडीन सगळीकडे हिंडून आली होती. काउंटरपाशी मान खाली घालून तिने विचारलं, आता कितीला?

"चिठ्ठी वाच ना."

तिने वाचली. मग म्हणाली, "मी तुम्हांला नाही नाही ते बोलले होते."

"खरंच बोललीस. सुगीत मी महागच असते, पोरी. म्हणून तर दुष्काळात माझं दार उघडं असतं." मग वर्नाने तिला मागच्या आवारात नेलं, मातीच्या बांधासमोर उभं केलं आणि माझ्यातली काडतुसं तिच्या पिस्तुलात अडकत नाहीत ना, हे दोन झाडून बघितलं. त्या दोनांच्या जागी स्वतःच्या पिस्तुलातली दोन काढून दिली.

गारलँड शनिवारी सकाळी आला. नडीन मक्याच्या भाकरीचं पातळ पीठ तव्यात ओतत होती. त्याची गाडी दिसताच तिने गॅस बंद केला, शेरीफला फोन लावला आणि पिस्तूल घेऊन बंद दारामागे उभी राहिली. पायऱ्या वाजल्या.

"गारलँड," ती दाराआडूनच म्हणाली, "हातात पिस्तूल आहे आणि भरलेलं आहे. मला ते चालवायचं नाहीये. तू मला चालवायला लावू नकोस."

तो पायरीवर बसल्याचा आवाज आला. नडीन हलली नाही. मग तो उठला, गाडी सुरू झाली, आणि शेरीफच्या माणसांनी त्याला पुलावरच गाठलं. हुकूम मोडला म्हणून तो पुन्हा आत गेला. नडीन दाराला पाठ लावून खाली बसली आणि पोटभर रडली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. काडतुसंही म्हातारी होतात. पिस्तुलातून सतत काढघाल करून त्यांची गोळी आत दबते. वर्नाने नडीनला बजावलंय, जुनी सरावात संपव, नवी घे. म्हणून आज नडीनने सगळी काडतुसं माझ्यात परत भरलीत आणि मला गाडीत शेजारच्या सीटवर ठेवलंय. वर्नाच्या आवारात मातीच्या बांधासमोर कागद टांगलेला असेल. त्याला भोकं पडतील, बस्स.

मग मी रिकामी होईन. मला कचऱ्यात टाका, हरकत नाही. एवढं मात्र लक्षात ठेवा: माझे भाव तीन होते, पण मी ज्या भावात गेले त्या भावात एक बाई घरात निर्धास्त झोपली, आणि कुणाचंही रक्त सांडलं नाही.